जोसेफ मारी जकार्ड : विणकरांचा मित्र की वैरी?

काही माणसांचे नाव एखाद्या वस्तूला असे चिकटते की वस्तू घरोघरी पोहोचते आणि माणूस मात्र विस्मृतीत जातो. डिझेल म्हटले की आपल्याला पंप आठवतो, रुडॉल्फ डिझेल आठवत नाही. जकार्डचेही तसेच झाले आहे. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग या भागांतील कोणत्याही विणकराला विचारा. मागाच्या डोक्यावर बसवलेल्या त्या उंच सांगाड्याला तो जकार्डच म्हणेल. तो विणकर मराठी बोलणारा असो की कन्नड बोलणारा, शब्द तोच. साडीच्या काठावरचा मोर आणि पदरावरची वेल ही त्या जकार्डची करणी. परंतु जकार्ड हे एका माणसाचे आडनाव आहे, तो स्वतः विणकराचा मुलगा होता आणि त्याच्या हयातीत त्याच्याच जातभाईंनी त्याला वैरी मानले होते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. यंत्र येते तेव्हा कामगार त्याला विरोध का करतो, या आजही सतावणाऱ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या माणसाच्या चरित्रात सापडते. म्हणून ते थोडक्यात सांगण्याचा हा प्रयत्न.

जोसेफ मारी जकार्ड याचा जन्म ७ जुलै १७५२ रोजी फ्रान्समधील लिऑन शहरी झाला. रोन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले हे शहर रेशमी वस्त्रांसाठी साऱ्या युरोपात नावाजलेले होते. राजवाड्यांचे पडदे, सरदारांचे अंगरखे, धर्मगुरूंची वस्त्रे, सारे काही तेथे विणले जाई. जोसेफचा बाप जरीकामाचे कापड विणणारा उस्ताद कारागीर होता, तर आई नक्षीचा कागद वाचून मागाच्या दोऱ्या जुळवण्याच्या कामात होती. म्हणजे पोराच्या कानावर अंगाईआधी मागाचा आवाज पडला असणार. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. वयाच्या तेराव्या वर्षापर्यंत त्याला अक्षरओळख नव्हती. पुढे छपाईचा आणि पुस्तकांचा व्यवसाय करणाऱ्या मेहुण्याने त्याला लिहावाचायला शिकवले.

त्या काळी नक्षीचे कापड कसे विणत, हे समजल्याशिवाय जकार्डचे काम समजणार नाही. कापड म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्यांची गुंफण. मराठीत ताणाबाणा म्हणा की कन्नडमध्ये हासुहोक्कु म्हणा, गोष्ट एकच. साध्या कापडात ताण्याचा एक धागा वर, एक खाली, असा सरळ हिशेब असतो. परंतु कापडावर फूल उठवायचे असेल, तर धोटा फिरण्याआधी प्रत्येक वेळी ताण्यातले नेमके कोणते धागे उचलायचे, हे बदलत राहते. ताण्यात धागे हजारोंनी. एकट्या विणकराला ते साधणे शक्य नव्हते. म्हणून मागाजवळ एक मदतनीस असे. बहुधा ते एखादे पोर असे किंवा एखादी बाई. नक्षीच्या क्रमाने दोऱ्यांचे जुडगे ओढून धरायचे, विणकराने धोटा टाकला की सोडायचे, पुन्हा दुसरे ओढायचे. दिवसचे दिवस हेच काम. दोऱ्यांना वजने बांधलेली असत, त्यामुळे ओढायला जोर लागे. कोवळ्या वयातच कित्येकांची शरीरे त्या कामाने वाकडी होत. रेशमी वस्त्राच्या झगमगाटामागे असे एक वाकलेले पोर उभे असे.

हे काम यंत्राकडून करून घ्यावे, ही कल्पना जकार्डची एकट्याची नव्हती. लिऑनमध्येच बाझिल बूशाँ याने १७२५ मध्ये भोके पाडलेल्या कागदाच्या पट्टीवरून धागे निवडण्याची युक्ती काढली होती. तीन वर्षांनी फाल्कों याने कागदाऐवजी एकमेकांना जोडलेले पुठ्ठे वापरले. त्यानंतर आला जाक द व्होकान्सों. यंत्राचे बदक बनवून ज्याने पॅरिसला थक्क केले होते, तो हाच. फ्रान्सच्या सरकारने १७४१ मध्ये त्याला रेशीम उद्योगाचा निरीक्षक नेमले. त्याने केलेले नवे नियम विणकरांना इतके जाचक वाटले की १७४४ मध्ये लिऑनमध्ये दंगल उसळली आणि या महाशयांना साधूच्या वेषात शहरातून पळ काढावा लागला. पुढच्याच वर्षी त्याने आपोआप चालणारा माग तयार केला. पण तो पॅरिसमध्ये धूळ खात पडला. सांगायचा मुद्दा असा की यंत्र आणि विणकर यांचे भांडण लिऑनला जकार्डच्या जन्माआधीपासूनच परिचयाचे होते.

जकार्डच्या तारुण्याची कहाणी मात्र यशाची नाही. १७७२ मध्ये बाप वारला आणि घर, माग, थोडीफार मालमत्ता त्याच्याकडे आली. १७७८ मध्ये त्याने क्लोदीन बुआशों हिच्याशी लग्न केले. पुढच्या वर्षी मुलगा झाला. परंतु व्यवहाराचे गणित त्याला कधी जमले नाही. कर्ज वाढत गेले, मालमत्ता हातची गेली आणि मिळेल ते काम करून दिवस काढण्याची पाळी आली. त्यातच १७८९ ची राज्यक्रांती झाली. १७९३ मध्ये लिऑन शहराने पॅरिसच्या क्रांतिकारी सरकारविरुद्ध बंड केले, तेव्हा जकार्ड शहराच्या बाजूने लढला. शहर पडल्यावर तो मुलाला घेऊन निसटला आणि दैवगती अशी की पुढे ते दोघे क्रांतीच्याच सैन्यात भरती झाले. त्या लढायांत त्याचा एकुलता एक मुलगा मारला गेला. चाळिशी ओलांडलेला हा माणूस घर, पैसा आणि पोर गमावून पुन्हा लिऑनला परतला. बहुतेक माणसे येथे मोडून पडली असती. जकार्डने मागात डोके घातले.

इ. स. १८०० पासून त्याच्या प्रयत्नांना फळ येऊ लागले. १८०१ मध्ये पॅरिसच्या औद्योगिक प्रदर्शनात त्याच्या मागाला कांस्यपदक मिळाले. थोड्याच काळात त्याला पॅरिसच्या कला व उद्योग संग्रहालयात बोलावून घेण्यात आले. तेथे व्होकान्सोंचा जुना माग होता. तो जकार्डने नीट न्याहाळला आणि १८०४ मध्ये आपले यंत्र सिद्ध केले. बूशाँची भोके, फाल्कोंचे पुठ्ठे आणि व्होकान्सोंची रचना यांचा मेळ घालून त्याने सहज चालणारी एक वस्तू बनवली. प्रत्येक आडव्या धाग्यासाठी एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावर नक्षीप्रमाणे भोके. पुठ्ठा सुयांच्या रांगेसमोर येऊन दाबला जातो. जेथे भोक असेल तेथे सुई आरपार जाते, तिचा आकडा जागेवर राहतो आणि वर उचलणाऱ्या पट्टीत अडकून आपला धागा उचलतो. जेथे भोक नसेल तेथे सुई मागे ढकलली जाते, आकडा पट्टीपासून सुटतो आणि धागा खालीच राहतो. विणकराने पायाने पावडी दाबली की पुढचा पुठ्ठा हजर. पुठ्ठ्यांची माळ संपली की नक्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू. मागाजवळच्या त्या पोराची आता गरज उरली नाही.

एप्रिल १८०५ मध्ये नेपोलियन आणि सम्राज्ञी जोसेफीन लिऑनला आले असताना त्यांनी हा माग पाहिला. सम्राटाने मागाचे हक्क लिऑन शहराच्या स्वाधीन केले. बदल्यात जकार्डला वर्षाला ३,००० फ्रँकचे तहहयात वेतन आणि काही वर्षेपर्यंत प्रत्येक मागामागे ५० फ्रँक मिळावेत, असे ठरले. इंग्लंडच्या कापडाशी टक्कर देण्यासाठी नेपोलियनला स्वस्त आणि सुबक कापड हवे होते. जकार्डला पोटापुरते मिळाले. विणकरांना काय मिळणार, याची चौकशी मात्र कोणी केली नाही.

आणि येथूनच विरोधाला तोंड फुटले. जकार्डचे यंत्र भर चौकात मोडून त्याचे लोखंड आणि लाकूड भंगारात विकले, त्याला नदीत बुडवण्याचा प्रयत्न झाला, अशा कथा जुन्या चरित्रांतून रंगवून सांगितलेल्या असतात. आजचे इतिहासकार त्या जपूनच घेतात. परंतु विरोध झाला हे खरे आणि त्याला कारणेही होती. दोऱ्या ओढणारी पोरे आणि बाया विणकरांच्याच घरातल्या किंवा शेजारपाजारच्या. त्यांची मजुरी कितीही तुटपुंजी असली, तरी तिच्यावर चूल पेटत होती. शिवाय सुरुवातीचे यंत्र सदोष होते. झ्याँ आंत्वान ब्रतों या कारागिराने १८१५ च्या सुमारास त्यात सुधारणा केल्या, तेव्हा कुठे ते बिनघोर चालू लागले. तोवर बिघाडाचा भुर्दंड सोसायचा कोणी? तो मागवाल्यानेच. तिसरे कारण जागेचे. जकार्ड बसवलेला माग इतका उंच की जुन्या घरांत तो मावेना. शहराला लागून असलेल्या क्रुआ-रूस या टेकडीवर सुमारे चार मीटर उंच छतांची नवी घरे उठली आणि विणकरांनी जादा भाडे भरून तेथे बिऱ्हाडे हलवली. ती घरे आजही उभी आहेत. म्हणजे माग घ्यायचा विणकराने, जागा बघायची विणकराने, कर्ज काढायचे विणकराने. आणि कापड स्वस्त झाले म्हणून मजुरी उतरवायची मात्र व्यापाऱ्याने! राग यंत्रावर निघाला, कारण यंत्र समोर होते. हिशेबाची वही पेढीत बंद होती.

पुढे घडले ते मोठे विचार करण्याजोगे आहे. दहा-पंधरा वर्षांत लिऑनच्या विणकरांनी जकार्ड आपलासा केला. हजारो माग चालू लागले. विणकर त्यात इतके तरबेज झाले की लिऑनच्या नक्षीला तोड राहिली नाही. १८१९ मध्ये जकार्डला फ्रान्सचा मोठा राष्ट्रीय सन्मान मिळाला. तो शहराजवळच्या ऊलँ या गावी शांतपणे राहू लागला. वाद मिटला असे कोणालाही वाटले असते. परंतु १८३१ मध्ये लिऑन पेटले.

त्या वेळी शहराचा रेशीम धंदा सुमारे १,४०० व्यापाऱ्यांच्या मुठीत होता. ते रेशीम आणि नक्षी देत, तयार कापड घेत आणि वारानुसार मजुरी ठरवत. स्वतःचे माग असलेले सुमारे ८,००० कारागीर आणि त्यांच्याकडे राबणारे सुमारे ३०,००० साथीदार त्या मजुरीवर जगत. भाव सतत उतरत होते. विणकरांची मागणी एकच होती, मजुरीचा किमान दर ठरवून द्या. ऑक्टोबर १८३१ मध्ये सरकारी अधिकाऱ्याच्या मध्यस्थीने असा दर ठरलाही. पण शंभरावर व्यापाऱ्यांनी तो मानण्यास नकार दिला. २१ नोव्हेंबरला क्रुआ-रूसच्या टेकडीवरून विणकर खाली उतरले, चकमकी झाल्या, दोन्ही बाजूंची माणसे पडली आणि दोनच दिवसांत सारे शहर विणकरांच्या ताब्यात आले. डिसेंबरच्या सुरुवातीला सुमारे २०,००० सैनिकांची फौज शहरात शिरली. दर रद्द झाला आणि तो ठरवून देणाऱ्या अधिकाऱ्याचीही उचलबांगडी झाली. एप्रिल १८३४ मध्ये विणकर पुन्हा उठले. या वेळी बंड तोफांनी चिरडले गेले आणि शेकडो माणसे मेली.

या दोन्ही बंडांत विणकरांचा रोख जकार्डच्या यंत्रावर नव्हता. ज्या मागांचा पूर्वी राग केला, तेच आता त्यांच्या भाकरीचे साधन होते. लढा होता तो त्या मागावर केलेल्या कामाच्या मोबदल्याचा. ऐंशी ओलांडलेला जकार्ड ऊलँमध्ये हे सारे ऐकत असणार. तोफा थंडावून चार महिने होतात न होतात तोच, ७ ऑगस्ट १८३४ रोजी तो वारला. १८४० मध्ये लिऑनने त्याचा पुतळा उभारला. त्याआधीच त्याचे एक चित्र त्याच्याच मागावर रेशमात विणले गेले होते. त्यासाठी सुमारे २४,००० पुठ्ठे लागले आणि पाहणाऱ्याला ते कोरीव छापचित्रच वाटे.

त्याच सुमारास इंग्लंडमध्येही असेच घडत होते. १८११-१२ मध्ये नॉटिंगहॅम परिसरातील मोजे विणणाऱ्या कामगारांनी रात्री टोळ्यांनी जाऊन यंत्रे फोडली. नेड लड या काल्पनिक पुढाऱ्याच्या नावावरून त्यांना लडाइट म्हणतात आणि हा शब्द आज प्रगतीचा आंधळा शत्रू या अर्थाने शिवीसारखा वापरला जातो. वस्तुतः ती चौकटीची यंत्रे तेथे दोनशे वर्षांपासून होती आणि हेच कामगार ती चालवत होते. ज्या यंत्रांवर कापून शिवलेला हलका माल काढून कुशल कारागिराचा दर पाडला जाई, प्रामुख्याने तीच त्यांनी निवडून फोडली. मजुरी नीट देणाऱ्याची यंत्रे पुष्कळदा शाबूत राहिली. सरकारने १८१२ मध्ये यंत्र फोडणाऱ्यास देहांताची शिक्षा ठरवली. दर पाडणाऱ्यास मात्र कोणतीच शिक्षा नव्हती.

जकार्डचे पुठ्ठे पुढे कुठल्या कुठे गेले, हेही पाहण्यासारखे आहे. इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणनयंत्राला आज्ञा देण्यासाठी हेच पुठ्ठे योजले. जकार्डचे ते विणलेले चित्रही त्याने मिळवले होते. कवी बायरनची कन्या एडा लव्हलेस हिने १८४३ मध्ये या यंत्रावर विस्तृत टिपणे लिहिली. गंमत अशी की बायरनने फेब्रुवारी १८१२ मध्ये उमरावांच्या सभागृहात आपले पहिले भाषण केले, ते याच यंत्रफोड्या कामगारांची बाजू घेऊन! पुढे अमेरिकेत हर्मन हॉलेरिथ याने १८९० च्या जनगणनेसाठी भोके पाडलेली कार्डे वापरली आणि तेथून वाट थेट संगणकापर्यंत आली.

ती कार्डे आणि तो संगणक आपल्याकडे आला, तेव्हा जुनाच प्रश्न नव्या कपड्यांत उभा राहिला. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाने संगणक बसवण्याचे ठरवताच कर्मचाऱ्यांनी तीव्र विरोध केला. कलकत्त्यात तर संगणक आत येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी कार्यालयावर पहारे दिले. स्वयंचलनाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. बँकांत १९८३ साली संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात करार झाला, तेव्हा कोणती यंत्रे किती आणि कुठे, हे चर्चेने ठरले. विणकरांपुरते बोलायचे, तर १९८५ च्या कायद्याने २२ प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवले होते. पुढे ती यादी ११ वर आली. कायदा पुस्तकात राहिला. पण राखीव माल यंत्रमागावर निघतच गेला.

याच १९८३ मध्ये इंग्लंडच्या बोनास कंपनीने संगणकावर चालणारा, पुठ्ठाच नसलेला जकार्ड बाजारात आणला. जकार्डमुळे जगात एक नवा कारागीर जन्माला आला होता : नक्षी वाचून पुठ्ठ्यांना भोके पाडणारा. पुठ्ठ्यातून निघालेल्या संगणकाने आता त्याच्याच पोटावर पाय आणला आहे. दोऱ्या ओढणाऱ्या पोराच्या जागी जो आला, त्याचीही पाळी आली.

अलीकडच्या काळात अमेरिकेत चित्रपटांचे पटकथालेखक २०२३ मध्ये १४८ दिवस संपावर होते. लिहिणाऱ्या यंत्राला पूर्ण बंदी घाला, असे त्यांनी करारात मिळवले नाही; यंत्राने लिहिलेला मजकूर लेखकाचे श्रेय व मोबदला कापण्यासाठी वापरता येणार नाही, हे मिळवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील पूर्व किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांनी तीन दिवस बंदरे बंद पाडली. वेतनाबरोबर तेथेही प्रश्न स्वयंचलित यंत्रांचाच होता. क्रुआ-रूसवरून उतरलेल्या विणकरांच्या मागणीशी हे ताडून पाहिले, तर दोनशे वर्षांत फारसे काही बदललेले नाही, असेच म्हणावे लागेल.

मग जकार्ड विणकरांचा मित्र की वैरी? मागाजवळच्या वाकलेल्या पोराची त्याने सुटका केली, हे त्याचे पुण्य कोणी नाकारू नये. परंतु सुटलेल्या त्या पोराने खायचे काय, याचे उत्तर यंत्रात नव्हते आणि असणारही नव्हते. ते शहराने द्यायचे होते, व्यापाऱ्याने द्यायचे होते, राज्यकर्त्याने द्यायचे होते. त्यांनी ते दिले नाही आणि दोष मात्र एका विणकराच्या मुलाच्या माथी आला. आपल्या भागातही सूत देणारा एक आणि साडीमागे मजुरी घेऊन माग चालवणारा दुसरा, ही घडी अनेक घरांत आहे. अशा घरांतून आलेली मुले-मुली आज महाविद्यालयात शिकत आहेत. त्यांच्यातलेच काही उद्या यंत्रे बनवतील, काही ती विकत घेतील आणि काहींच्या हातचे काम ती यंत्रे काढून घेतील. नवे यंत्र दारात येईल तेव्हा ते चांगले की वाईट, एवढेच विचारून भागणार नाही. ते कोणाच्या कर्जाने आले, त्याने वाचवलेला पैसा कोणाच्या खिशात गेला आणि ज्याचे काम गेले त्याला आधी कोणी विचारले होते काय, हेही विचारावे लागेल. लिऑनच्या विणकरांना हे प्रश्न सुचायला पंचवीस वर्षे लागली आणि ते विचारल्याबद्दल त्यांना तोफांना तोंड द्यावे लागले. आपल्याला ते आजच विचारता येतात.